फोन उचलणारा माणूस कोण असतो?

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात टक्केवारीच्या बातमीला चिकटून एक छोटी चौकट असते. ताण आला असेल, नको ते विचार येत असतील तर या नंबरवर फोन करा. गेल्या निकालाच्या वेळी कोल्हापुरात आमच्या शाहूपुरीतल्या शेजारच्या काकू त्या चौकटीवर बोट ठेवून मला म्हणाल्या, "हे नंबर मी दरवर्षी वाचतो बघ. पण मला सांग, तिथं फोन उचलणारा मानूस कोन असतोय? डॉक्टर असतोय काय? आन डॉक्टर नसंल तर त्याच्यासंगं बोलून काय हुतंय?"

काकूंची नात बारावीला होती. पास झाली होती पण मार्क अपेक्षेपेक्षा बरेच कमी, आणि दोन दिवस ती खोलीतनं बाहेर येत नव्हती. म्हणजे प्रश्न सहज विचारलेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, फक्त काकूंसारखं तोंडावर कोणी विचारत नाही. म्हणून जरा बैजवार लिहितोय.

आधी हे आहे काय ते बघू

१०८ लावला की ॲम्ब्युलन्स येते, ११२ लावला की पोलीस येतात. क्रायसिस हेल्पलाइन म्हणजे मनाच्या आणीबाणीचा नंबर. यातला 'क्रायसिस' शब्द एकदाच नीट समजून घेऊ, कारण रोजचं टेन्शन म्हणजे क्रायसिस नव्हे. हप्ता थकला, साहेब ओरडला, घरात भांडण झालं, तरी माणूस तग धरतो, कट्ट्यावर जाऊन बसतो, रंकाळा तलावाला एक चक्कर मारतो, झोपून उठला की बरं वाटतं. पण एक वेळ अशी येते की हे सगळे उपाय एकदम चालेनासे होतात आणि पुढचा एक तास कसा काढायचा तेच सुचत नाही. त्या वेळेला क्रायसिस म्हणायचं.

अशा वेळी १०८ सारखी गाडी येऊन भागत नाही. इथं नुसता एक आवाज येतो पलीकडनं. सगळी शंका इथंच सुरू होते की नुसत्या आवाजानं काय होणार. त्याचं उत्तर ही सेवा सुरू कशी झाली त्या गोष्टीतच आहे, म्हणून आधी ती सांगतो.

एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी

साल १९३५, इंग्लंडमधलं लिंकन गाव. चॅड व्हारा नावाचा एक तरुण पाद्री, त्याच्याकडं एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करायचं काम आलं. त्या पोरीला पहिल्यांदा पाळी आली होती. पाळी म्हणजे काय हे तिला कोणीच सांगितलेलं नव्हतं. तिला वाटलं आपल्याला काहीतरी घाण, लाजिरवाणा रोग झालाय, विचारायचं कुणाला हे कळेना, आणि तिनं जीव दिला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढं वाचवेना. एका वाक्यात मिटण्यासारखी भीती होती ती! आणि ते एक वाक्य बोलणारं घरात, शाळेत, गल्लीत कोणी नव्हतं.

व्हारांच्या डोक्यातनं ती मुलगी गेली नाही. असल्या विषयांवर पोरांशी उघड बोलायचं त्यांनी ठरवलं, पुढं त्यावर लिहिलं, मग लोकांची पत्रं यायला लागली आणि त्यात जगायला नको झालंय असं लिहिणारेही होते. आग लागली तर लंडनमध्ये ९९९ नंबर होता, १९३७ पासून. पण जीव द्यायच्या विचारात असलेल्या माणसानं कुठला नंबर फिरवायचा? ९९९ फिरवला तर पोलीस येणार, आणि त्या काळात आत्महत्येचा प्रयत्न हा तिकडं गुन्हा होता, तो कायदा १९६१ ला बदलला. म्हणजे मदत मागायची म्हणजे गुन्हा कबूल करायचा अशी गत.

१९५३ साली व्हारांना लंडन शहरातलं सेंट स्टीफन वॉलब्रुक हे चर्च मिळालं. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला तिथल्या फोनवर ही सेवा सुरू झाली. नंबर होता मॅन्शन हाऊस ९०००. तो काळा फोन अजून त्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. डिसेंबरमध्ये डेली मिरर पेपरनं बातमी छापताना 'सॅमॅरिटन' हे नाव वापरलं आणि तेच चिकटलं. बायबलमध्ये एक गोष्ट आहे, रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला मोठेमोठे लोक ओलांडून जातात आणि ज्याला समाज कमी लेखतो असा एक परका माणूस थांबतो, तो सॅमॅरिटन. नाव धर्माचं असलं तरी सेवा धर्माची नाही, फोन करणाऱ्याला देवाबद्दल कोणी ऐकवत नाही.

चहा देणाऱ्यांनी लावलेला शोध

आता खरा मुद्दा. सुरुवातीला व्हारांची कल्पना साधी होती की लोक फोन करतील, भेटायला येतील, आणि आपण त्यांचं समुपदेशन करू. बातमी छापून आली तशी गर्दी वाढली. त्याबरोबर मदत करू म्हणणारी साधी माणसंही यायला लागली, गृहिणी, नोकरदार, निवृत्त लोक. त्यांना काय काम द्यायचं? तर बाहेरच्या खोलीत आपला नंबर यायची वाट बघत बसलेल्यांना चहा-कॉफी द्यायची आणि जरा सोबत बसायचं.

काही आठवड्यांतच व्हारांच्या लक्षात आलं की बाहेर बसलेल्यातले बरेच जण चहा पिता पिता त्या माणसांशी बोलतात आणि मग त्यांना आत यायची गरजच वाटत नाही. ज्यांना आत यायचं असतं ते पण जरा मोकळे होऊन येतात. म्हणजे ज्या कामासाठी आपण खुर्ची मांडून बसलोय ते काम बाहेर चहा देणारी माणसंच करतायत. दुसरा कोणी असता तर बाहेरच्यांना म्हणाला असता, तुम्ही बोलू नका, तुमचं ते काम नव्हे. व्हारांनी उलटं केलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी फोनचं काम त्या स्वयंसेवकांच्या हातात दिलं आणि स्वतः त्यांना निवडायचं, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि फार अवघड असेल ते हाताळायचं काम घेतलं. स्वयंसेवकांच्या कामाला त्यांनी नाव दिलं बिफ्रेंडिंग, आपण त्याला सोबत करणं म्हणू.

आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही. मयत झालेल्या घरी आपल्याकडं चूल पेटत नाही, शेजारपाजारचे कडू घास घेऊन जातात. भाकरी-पिठलं घेऊन जाणारी बाई काय दुःखातली तज्ज्ञ नसते. ती जाते, ताट ठेवते, शेजारी बसते, कोणी बोललं तर ऐकते, नाही बोललं तरी बसून राहते. त्या घरातली माणसं तिच्याच पुढं रडतात. कडू घास माणूस गेल्यावर नेतात, हेल्पलाइनवाल्यांनी तीच सोबत माणूस जायच्या आधी फोनवरनं नेली एवढाच फरक.

पण नुसत्या ऐकण्यानं होतं काय?

हे कोल्हापूरकरांना पुराच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. पाणी चढायला लागलं की सगळे फूट आणि इंच मोजत बसतात. पाणी कायम चढत राहत नाही हे पण आपल्याला माहीत असतं, एका ठिकाणी येऊन ते थांबतं, मग इंचाइंचानं उतरतं. अडचण असते ती मधल्या तासांची. त्या तासांत माणूस सुरक्षित जागी पाहिजे.

जीव द्यायची तीव्र ऊर्मी बहुतेक वेळा अशीच असते, चढते, टोकाला जाते आणि उतरते. टोकाची वेळ बऱ्याचदा काही मिनिटांची किंवा काही तासांची असते. असा प्रयत्न करून वाचलेल्या बहुसंख्य लोकांनी पुढं आत्महत्या केलेली नाही हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. आणि त्या टोकाच्या वेळीसुद्धा माणसाला मरायचं पण असतं आणि जगायचं पण असतं, दोन्ही एकाच वेळी. नाहीतर त्यानं फोन का केला असता? फोन उचलणारा त्या जगायचं असलेल्या भागाशी बोलत राहतो, पाणी उतरेपर्यंत.

दुसरं म्हणजे कोंडलेलं बाहेर पडणं. राधानगरी धरण भरलं की दरवाजे आपोआप उघडतात, कोणाला जाऊन फिरवावे लागत नाहीत. माणसाला तसा स्वयंचलित दरवाजा नसतो. समोरचा घाई करत नाही, नावं ठेवत नाही असं दिसलं तरच तो उघडतो.

२०१९ च्या महापुरात एनडीआरएफ आली, नौदलाच्या बोटी आल्या, पण त्यांच्या बरोबरीनं तालमींची पोरं छातीएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढत होतीच की. ती कुठं इंजिनिअर होती? त्यांना पाण्याचा अंदाज होता, दोर कसा धरायचा माहीत होतं, आणि ती जवळ होती. फोन उचलणारा स्वयंसेवकही तसाच.

ऐकायला काय शिकायचंय?

मलाही असंच वाटायचं. मग एकदा तीन दिवसांच्या एका ऐकण्याच्या शिबिराला बसलो. पहिल्या दिवशी आम्हाला जोडीजोडीनं पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसवलं, कारण फोनवर चेहरा दिसत नाही. माझ्या पाठीमागं एक रिटायर्ड एसटी कंडक्टर होते, त्यांनी फोन करणाऱ्याचं काम करायचं, मी उचलायचं. ते म्हणाले, "मला आता काही नको झालंय." आणि गप्प बसले. शिकवणाऱ्या बाई घड्याळ लावून उभ्या होत्या. मला ती शांतता सहन होईना आणि मी म्हणालो, "असं म्हणू नका काका, सगळं ठीक होईल." बाईंनी घड्याळ दाखवलं, ११ सेकंद झाली होती फक्त. त्यांनी कंडक्टर काकांना विचारलं, हे ऐकून काय वाटलं? काका म्हणाले, "वाटलं, ह्याला ऐकायचं न्हाई."

दुसऱ्या खेपेला मी एवढंच म्हणालो, "नको झालंय म्हणजे काय होतंय, सांगाल?" आणि थांबलो. शांतता पुष्कळ लांब गेली. मग ते बायको गेल्यानंतरच्या दिवाळीबद्दल बोलायला लागले, आणि ते काही नाटकातलं नव्हतं. पाठीला लागलेली त्यांची पाठ हलत होती ते मला कळत होतं.

म्हणजे शिकायचं असतं ते हे. सल्ला गिळायचा. "तुझ्यापेक्षा वाईट लोकांचं असतं" हे कधीच म्हणायचं नाही. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत विचारायचं, म्हणजे बरोबर समजलं का ते कळतं. आणि जीव द्यायचा विचार येतोय का हे सरळ, स्पष्ट, त्याच शब्दांत विचारायचं. चांगल्या संस्थांमध्ये यायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला घेत नाहीत, निवड असते, ट्रेनिंग असतं, सुरुवातीला अनुभवी माणूस शेजारी बसतो, आणि अवघड कॉलनंतर स्वयंसेवकाला स्वतःला बोलायला कोणीतरी असतं. हे शेवटचं नसेल तर ती हेल्पलाइन फार दिवस टिकत नाही असं माझं मत आहे.

विषय काढला तर डोक्यात भरणार नाही का?

ही भीती जवळजवळ प्रत्येक आईबापाला असते. यावर भरपूर अभ्यास झालेत आणि विचारल्यानं विचार वाढतो असं त्यात दिसत नाही, उलट बऱ्याच जणांना हलकं वाटतं. विचार आधीच डोक्यात असतो, विचारल्यामुळं त्या माणसाला पहिल्यांदा साथीदार मिळतो. पोरगं गप्प गप्प झालंय, आवडीच्या वस्तू वाटून टाकतंय, "मी नसलो तर बरं होईल" म्हणतंय, तर विचारा. आणि घरात जे जे धोक्याचं असेल ते कुलपात किंवा घराबाहेर ठेवा, चढलेलं पाणी उतरेपर्यंत तेवढं अंतर फार उपयोगी पडतं.

लंडनमधनं आपल्यापर्यंत

सॅमॅरिटन्सची दुसरी शाखा १९५९ ला एडिनबरात निघाली आणि पुढं ब्रिटन-आयर्लंडमध्ये मिळून शाखा २०० च्या वर गेल्या. अमेरिकेत १९५८ ला लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञांनी सेंटर काढलं, तिथं सुरुवात तज्ज्ञांनी केली आणि पुढं त्यांनाही फोनसाठी साधे स्वयंसेवक तयार करावे लागले. सिडनीत ॲलन वॉकर या पाद्र्याला एका अस्वस्थ माणसाचा फोन आला, त्यानं पुढं जीव दिला, आणि त्या धक्क्यातनं १९६३ ला लाइफलाइन उभी राहिली. लंडन काय, सिडनी काय, मुळाशी कोणीतरी गेलेलं माणूस आहे हे बघून वाईट वाटतं, पण तसंच आहे. १९७४ ला बिफ्रेंडर्स इंटरनॅशनल झालं आणि ही पद्धत इतर देशांत पसरली.

आपल्या देशात चेन्नईची स्नेहा संस्था १९८६ ची, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी सुरू केलेली. मुद्दाम लक्षात घ्या, डॉक्टर असूनही त्यांनी फोनवर स्वयंसेवकच बसवले. फोनवर काय ऐकू येतं त्यातनं धोरण कसं बदलतं याचं उदाहरण पण स्नेहाचंच आहे. नापास झालेल्या पोरांचं वर्ष वाया जाऊ नये, लगेच पुन्हा परीक्षा व्हावी यासाठी त्यांनी तमिळनाडूत पाठपुरावा केला आणि ते झालं. आपल्या बोर्डातही आता पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्या आठवड्यांत होते, ज्या घरात नापासाचा निकाल येतो तिथं त्या थोड्या आठवड्यांची किंमत विचारा. मग नवी मुंबईत आसरा, पुण्यात कनेक्टिंग, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची (टीआयएसएस) आयकॉल ही २०१२ ची. आयकॉलवर स्वयंसेवक नसतात, शिकलेले समुपदेशक असतात.

१० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारनं टेली-मानस ही हेल्पलाइन सुरू केली, नंबर १४४१६. यामागं बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची मोठी संस्था आहे. इथं फोन उचलणारे पगारी, ट्रेनिंग घेतलेले समुपदेशक असतात आणि गरज पडली तर ते पुढं तज्ज्ञांकडं जोडून देतात. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतनं बोलता येतं.

मग स्वयंसेवकांची गरज संपली का?

नाही संपली. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. आणि आपल्याकडं एक लाख माणसांमागं एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पुरता भरत नाही. सगळ्यांना सीपीआर या आमच्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत किंवा खाजगी दवाखान्यात पाठवायचं म्हटलं तरी तेवढे डॉक्टर आणायचे कुठनं? आणि हे शहरातल्या सुखवस्तू लोकांचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी तीच आकडेवारी पुढं वाचावी. गेलेल्यांत दर दहांत सात पुरुष होते आणि एकूणात चौथा हिस्सा रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता. म्हणजे फाउंड्रीतला, यंत्रमागावरचा, सेंट्रिंगवरचा माणूस. "बाप्या मानसानं रडायचं नसतंय" हे ज्याला लहानपणापासनं ऐकवलं तोच सगळ्यात कमी बोलतो आणि अनोळखी माणसापुढं, तोंड न दाखवता, रात्री दोन वाजता बोलणं त्यालाच त्यातल्या त्यात जमण्यासारखं असतं.

हेल्पलाइननं सगळं होतं असं मी म्हणत नाही. आजारपणाला औषध लागतं, कर्जाला पैसा लागतो, मारझोड करणाऱ्या नवऱ्याला कायदा लागतो. फोन त्या दिवसापुरता धरून ठेवतो, पुढचं पुढं करायला माणूस शिल्लक राहतो. आणि कधी कधी फोन लागत नाही हेही खरं आहे, लाइन बिझी असते, छोट्या संस्थांच्या ठरलेल्या वेळा असतात. परत लावायचा. दुसरा नंबर लावायचा. जीव आत्ता या क्षणी धोक्यात असेल तर सरळ ११२ किंवा जवळचं हॉस्पिटल, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

फोन केला तर पोलीस येतील का?

नुसतं मनातलं बोलल्याबद्दल कोणावर केस होत नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असं सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलंच नाही, सरकारी माणसाच्या कामावर दबाव आणायला असा प्रयत्न केला तरच वेगळं कलम आहे. नाव सांगायची बहुतेक ठिकाणी सक्ती नसते. गुप्ततेचे नियम प्रत्येक हेल्पलाइनचे थोडे वेगळे असतात, पहिल्याच मिनिटात विचारलं तर ते सांगतात.

त्या संध्याकाळी काकूंना मी एवढं सगळं सांगितलं नव्हतं. चहा देणाऱ्यांची गोष्ट तेवढी सांगितली आणि १४४१६ पेपरच्या कोपऱ्यावर मोठा लिहून दिला. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या आणि दोन कप चहा घेऊन नातीच्या खोलीत शिरल्या. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा एक कप रिकामा होता, दुसऱ्यावर साय धरलेली.

"काय बोलली?" मी विचारलं.

"काय न्हाई. रडली नुसती. मी बसलो." मग मोरीत कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "तो कागद दे हिकडं, तिच्या टेबलावर ठेवतो."